चिलटाच्या अळीची ओळख

मंडळी, मी इतिहास शिकवणारा माणूस. राजे, लढाया, तह आणि सनावळ्या हा माझा नेहमीचा व्यवसाय. आज मात्र मी तुमच्याशी एका अळीबद्दल बोलणार आहे. तुम्ही म्हणाल, हे प्राणिशास्त्राचे काम इतिहासाच्या मास्तराने कशाला अंगावर घ्यावे? पण अळीलाही इतिहास असतो. निदान, तिला माणसाने कसे ओळखले, ह्याचा इतिहास तर असतोच; आणि तो आपल्या गावच्या पाण्याशी फार जवळून बांधलेला आहे. कसा, ते सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या महाविद्यालयाचे श्रमशिबिर एका गावी भरले होते. गावाच्या उशाला एक जुना तलाव. त्यातला गाळ काढून शेतांत टाकायचा, असा कार्यक्रम. उन्हाळ्याचे दिवस, तलाव आटून तिसऱ्या हिश्श्यावर आलेला. पहिले दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी गावाकडच्या काठाला काम सुरू झाले, आणि मुलांच्या घमेल्यांत काळ्या, कुजकट वासाच्या गाळाबरोबर लाल लाल अळ्या येऊ लागल्या. एक-दोन नव्हे, शेकड्यांनी. लांबी बोटाच्या पेराएवढी, रंग रक्तासारखा.

बघता बघता काठावर गर्दी जमली. "अगं बया, रक्तच वळवळतंय जणू!" एक म्हातारी म्हणाली. दुसऱ्या एकाने लगेच निकाल दिला, "ही डासांची पिल्लं. म्हणून तर गावातला ताप हटत नाही." संध्याकाळी पारावर बैठक बसली आणि ठरले, की कपाशीवर मारायच्या औषधाचे दोन डबे शिल्लक आहेत, ते तलावात ओतावे, अळीही जाईल आणि डासही जाईल. त्या तलावावर गावची गुरे पाण्याला येत होती आणि चार घरे मासे धरून पोट भरत होती, हे त्या घाईत कोणाच्या ध्यानात आले नाही. आमच्या बरोबर प्राणिशास्त्राचे एक प्राध्यापक होते. ते एवढेच म्हणाले, "मारायचं तर मारा. पण ज्याला फाशी द्यायची त्याची ओळख तरी आधी पटवाल की नाही?"

मंडळी, माझ्या आजच्या बोलण्याचे सूत्र ह्याच प्रश्नात आहे. ओळख पटवणे ही शास्त्राची पहिली पायरी आहे, आणि ती चुकली की पुढचे सगळे चुकते.

आता हा इतिहास कोठून सुरू होतो ते पाहू. १६६५ साली इंग्लंडात रॉबर्ट हूक नावाच्या विद्वानाने 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध केले. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलेल्या वस्तूंची मोठी सुरेख चित्रे त्यात आहेत. त्यातच पावसाच्या साठलेल्या पाण्यातला एक जलकीटक आहे. तो शेपूट पाण्याच्या पृष्ठाला लावून डोके खाली करून लोंबकळतो, हे हूकने नीट पाहिले. आणि काही दिवसांनी त्यातूनच डास बाहेर पडतो, हेही पाहिले. पाण्यात वळवळणारा जीव आणि हवेत गुणगुणणारा जीव एकच, ही गोष्ट आज आपल्याला सोपी वाटते. पण त्या काळी कुजक्या पाण्यातून किडे आपोआप उपजतात असे मोठमोठे लोक मानीत. पुढे फ्रान्समध्ये रेओम्यूरने १७३४ ते १७४२ ह्या काळात कीटकांवर सहा जाडजूड खंड लिहिले आणि अंडी, अळी, कोष, पूर्ण कीटक हा क्रम डासाच्या बाबतीत खुलासेवार दाखवला.

मग आली नावे ठेवण्याची वेळ. १७५८ साली स्वीडनच्या लिनियसने आपल्या ग्रंथाच्या दहाव्या आवृत्तीत एका चिलटाला नाव दिले, त्याचा अर्थ 'पिसांचे'. कारण ह्या चिलटाच्या नराच्या मिशा पिसासारख्या झुपकेदार असतात. १८०३ साली जर्मनीतल्या मायगेनने ह्या चिलटांचा निराळा गट पाडला आणि त्याला 'कायरोनोमस' म्हटले. ग्रीक भाषेत हा शब्द हातवारे करून नाट्य करणाऱ्याला लावीत. हे चिलट बसले की पुढचे दोन पाय उचलून हवेत हलवीत राहते, म्हणून हे नाव. ह्या मायगेनबद्दल गुरुजींना मुद्दाम सांगावेसे वाटते. तो श्टोलबेर्ग नावाच्या लहानशा गावात शिक्षक होता. मिळकत बेताची, संसार ओढग्रस्तीचा. पण माश्या, डास आणि चिलटे ह्यांच्या पंखांवरच्या शिरा पाहून त्यांची वर्गवारी लावण्याचे काम त्याने जन्मभर केले. आज जगभरचे शास्त्रज्ञ त्याला ह्या शाखेचा जनक मानतात.

एक मौज सांगतो. ह्याच मायगेनने १८०० साली ह्याच चिलटाला 'टेंडिपेस' असे दुसरे नाव देऊन ठेवले होते. ते विस्मृतीत गेले, विसाव्या शतकात पुन्हा सापडले, आणि पुष्कळ पुस्तकांत एकाच अळीला दोन नावे पडली. शेवटी १९६३ साली प्राणिनामांच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने १८०० ची नावे रद्द ठरवली. तेव्हा शाळेच्या कपाटात एखादे जुने पुस्तक असेल आणि त्यात 'टेंडिपेस' दिसले, तर बुचकळ्यात पडू नका.

पण ह्या सगळ्या नामकरणात एक मोठी उणीव होती. नावे मिळाली ती उडणाऱ्या चिलटांना. गाळातल्या अळ्या मात्र बिननावाच्याच राहिल्या, कारण कोणत्या अळीचे कोणते चिलट होते हे कोणाला ठाऊक? चिलट काही दिवसच जगते. अळी मात्र आठवडेच्या आठवडे, थंड देशांत तर महिनेच्या महिने, गाळात काढते. म्हणजे ह्या प्राण्याचे खरे आयुष्य पाण्याखालीच जाते, आणि त्याच आयुष्याला ओळख नव्हती.

आता आपण पुन्हा तलावाच्या काठी येऊ. आमच्या प्राध्यापकमजकुरांनी दुसऱ्या दिवशी सकाळी एक पांढरी परात मागवली, तीत स्वच्छ पाणी घातले, मूठभर गाळ चाळणीत धुऊन तीत सोडला, आणि खिशातले भिंग काढले. भोवती शाळेतली पोरे जमली. मग त्यांनी जी ओळखपरेड घेतली ती मला इतकी आवडली, की मी ती तशीच तुमच्यापुढे ठेवतो.

पहिला प्रश्न: अळीला सांध्यांचे खरे पाय आहेत काय? तीन जोड्या स्पष्ट पाय दिसले, तर तो चतुराचा किंवा पाण्यातल्या भुंग्याचा वगैरे बाळजीव. डास, चिलटे आणि माश्या ह्यांच्या अळ्यांना असे पाय कधीच नसतात.

दुसरा प्रश्न: डोके आहे काय? हा प्रश्न ऐकून पोरे हसली. पण गाळात लाल रंगाचा दुसराही एक जीव असतो, ट्यूबिफेक्स नावाचा. तो गांडुळाचा भाऊबंद. केसासारखा बारीक, अर्धे अंग गाळात रोवून शेपटी पाण्यात डोलवीत बसणारा. त्याला कठीण डोके नसते, ठुसके पाय नसतात. लाल दिसला म्हणून त्याला चिलटाची अळी म्हणू नये. चिलटाच्या अळीला तपकिरी, टणक, टाचणीच्या टोकाएवढे डोके असते आणि ते भिंगाशिवायही दिसते.

तिसरा प्रश्न: अंगाची ठेवण कशी आहे? डासाच्या अळीची मान-छाती फुगीर असते, अंगावर केसांचे झुपके असतात आणि ती श्वासासाठी पाण्याच्या पृष्ठभागाशी येते. त्यातही घरगुती क्यूलेक्स डासाची अळी शेपटीजवळची नळी वर लावून उलटी लोंबकळते, तर हिवतापाच्या अॅनॉफेलीस डासाच्या अळीला ती नळीच नसते, म्हणून ती पृष्ठभागालगत आडवी पडून राहते. चिलटाची अळी निराळी. तिचे अंग डोक्यापासून शेपटीपर्यंत जवळजवळ सारख्या जाडीचे, डोक्यामागे बारा वलये. डोक्याच्या मागे, खालच्या अंगाला, आखूड ठुसक्या पायांची एक जोडी. तशीच दुसरी जोडी शेपटीच्या टोकाला. ह्या ठुसक्यांवर बारीक आकडे असतात. त्यांनी ती धरून राहते, सरकते, आणि परातीत सोडली की अंगाची इंग्रजी आठाच्या आकड्यासारखी वेटोळी करीत झटके देत पोहते. ती पृष्ठभागी येऊन लोंबकळत नाही. गाळात लाळेच्या धाग्याने मातीची नळी विणून तीत राहते.

चौथा प्रश्न थोडा बारीक आहे. शेपटीजवळच्या वलयावर, पोटाकडून, बोटांसारख्या मऊ नळ्यांच्या दोन जोड्या लोंबताना दिसल्या, तर ती बहुधा कायरोनोमसची अळी. अळी दोऱ्यासारखी लांबट, ठुसके पाय नसलेली आणि सापासारखी सळसळत पोहणारी दिसली, तर ती बहुधा चावऱ्या चिलटांच्या कुळातली. आणि अळी काचेसारखी पारदर्शक असून आत हवेच्या काळसर पिशव्यांच्या दोन जोड्या दिसल्या, तर तो तिसराच प्रकार. तिला इंग्रजीत भुताची उपमा देतात, कारण पाण्यात ती दिसत नाही, नुसत्या पिशव्या दिसतात.

ही झाली भिंगाची ओळख. ह्यापुढची ओळख सूक्ष्मदर्शकाची. अळीचे डोके कापून काचेवर चपटे केले, की हनुवटीच्या जागी एक दातेरी पट्टी दिसते, जणू करवतीचा तुकडा. कायरोनोमसमध्ये मधला दात तीन टोकांचा आणि त्याच्या दोन्ही बाजूंना सहा-सहा दात. शेजारी पंख्यासारख्या रेघाळ पट्ट्या. दुसऱ्या एका गटातल्या शिकारी अळ्या मिशा डोक्यात ओढून घेतात आणि त्यांच्या तोंडात काट्याच्या चमच्यासारखा दातेरी अवयव असतो. टॅनिटार्सस नावाच्या गटात मिशा लांब आणि उंचवट्यावर बसवलेल्या. दातांची संख्या, मिशांची ठेवण आणि शेपटीवरचे केस, ह्यांवरून जाती ओळखता येतात.

एवढे पाहून प्राध्यापक म्हणाले, "घ्या. ह्या डासाच्या अळ्या नव्हेत. ह्यांचं चिलट चावत नाही. त्याला रक्त ओढायची सोंडच नाही." मग त्यांनी पोरांना डासाच्या अळ्या शोधायला पाठवले. त्या तलावाच्या गाळात नव्हे, तर घरांमागच्या उघड्या हौदांत आणि गटाराच्या तुंबलेल्या डबक्यात सापडल्या.

मंडळी, ही चूक करणारे ते गाव पहिले नव्हे. २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस ह्यांना डासाच्या जठरात हिवतापाच्या जंतूची वाढ दिसली. पण त्याआधी दोन वर्षे ते भलत्याच जातींचे डास तपासत होते आणि हाती काही येत नव्हते. योग्य डास सापडला तेव्हा उत्तर सापडले. आपल्या मुंबईची गोष्ट तशीच. तेथील हिवतापाचा तपास करून सी. ए. बेंटली ह्यांनी १९११ साली अहवाल दिला, की रोग पसरवणारा डास दलदलीतला नव्हे. तो शहरातल्या विहिरींत वाढणारा अॅनॉफेलीस स्टीफेन्सी आहे. म्हणजे उपाय चिखलात नव्हता, विहिरींवर झाकण घालण्यात होता. कोणती अळी कोणत्या पाण्यात वाढते, हे कळल्याशिवाय पैसा, औषध आणि श्रम वाया जातात.

पण मग चिलटाच्या लाल अळीचे काय? ती डासाची नव्हे, चावत नाही, एवढ्याने तिची गोष्ट संपते काय? नाही. खरी गोष्ट येथूनच सुरू होते.

१९०० साली इंग्लंडात मायल आणि हॅमंड ह्या दोघांनी एकट्या कायरोनोमसच्या रचनेवर आणि जीवनावर एक अख्खे पुस्तक लिहिले. त्याआधी, १८८१ मध्ये, फ्रान्सच्या बालबियानीने ह्याच अळीच्या लाळग्रंथीच्या पेशींत जाडजूड, आडव्या पट्ट्यांचे धागे पाहिले होते. ते काय आहेत हे त्या वेळी कळले नाही. १९३३ च्या सुमारास उलगडा झाला, की ही तर महाकाय गुणसूत्रे! बाहेरून हुबेहूब सारख्या दिसणाऱ्या अळ्यांच्या जाती आज ह्या पट्ट्यांवरून वेगळ्या काढता येतात. डोळ्यांना जे जुळे भाऊ वाटतात ते आतून निराळे निघतात.

बिननावाच्या अळ्यांचे कोडे सोडवले ते एका जोडगोळीने. एक होते आबे किफर, लॉरेन प्रांतातल्या बिच गावी शाळेत सृष्टिविज्ञान शिकवणारे कॅथलिक धर्मगुरू. चिलटांच्या शेकडो जातींना त्यांनी नावे दिली. आपल्या देशातली चिलटेही कलकत्त्याच्या इंडियन म्यूझियममार्फत त्यांच्याकडे गेली आणि त्यांवरचा त्यांचा प्रबंध १९१० साली त्या म्यूझियमने छापला. दुसरे होते आउगुस्ट टीनेमान, जन्म १८८२, मृत्यू १९६०. टीनेमान गाळातून अळ्या आणीत, भांड्यांत वाढवीत, प्रत्येक अळीची आणि कोषाची कात जपून ठेवीत, आणि त्यातून निघालेले चिलट किफर ह्यांच्याकडे पाठवीत. अशा रीतीने अळीचा आणि चिलटाचा दाखला जुळला. पडीक जमिनीला वारस सापडावा तसे झाले म्हणा ना!

ओळख जुळली आणि टीनेमान ह्यांना एक विलक्षण गोष्ट दिसली. पश्चिम जर्मनीत आयफेल नावाचा डोंगराळ मुलूख आहे. तेथे विझलेल्या ज्वालामुखींच्या मुखांत पाणी साठून गोल तळी झाली आहेत. एकाच मुलखातली, जवळजवळची. पण १९१० नंतरच्या काही वर्षांत टीनेमान ह्यांनी त्यांचा तळ उपसला, तेव्हा अळ्या दोन तऱ्हांच्या निघाल्या. पुल्फरमारसारख्या खोल, स्वच्छ, सत्तर मीटरहून अधिक खोलीच्या तळ्यात टॅनिटार्सस गटातल्या. मेरफेल्डर मारसारख्या उथळ, शेवाळाने हिरव्या झालेल्या तळ्यात कायरोनोमसच्या. असे का? उत्तर प्राणवायूत होते. ज्या पाण्यात खताचा अंश फार, त्यात शेवाळ माजते. शेवाळ मरून तळाशी बसते आणि कुजते. कुजताना पाण्यातला प्राणवायू खर्ची पडतो. उन्हाळ्यात वरचे ऊन पाणी आणि खालचे थार पाणी एकमेकांत मिसळत नाही, म्हणून वरचा प्राणवायू खाली पोचत नाही. तळ गुदमरतो. त्या गुदमरत्या तळात तग धरतो तो कायरोनोमस.

तो तग कसा धरतो? त्याच्या लाल रंगामुळे. हा रंग म्हणजे हिमोग्लोबिन, तुमच्या-आमच्या रक्तातलेच द्रव्य. फरक इतका, की आपल्या रक्तात ते पेशींमध्ये असते, आणि ह्या अळीच्या रक्तात ते नुसते विरघळलेले असते. आणि अगदी अल्प प्राणवायूही ते धरून ठेवते. बार्बरा वॉल्श ह्या संशोधिकेने १९५० साली प्रयोग प्रसिद्ध केले. ज्या अळ्यांचे हिमोग्लोबिन तिने कार्बन मोनॉक्साइडने निकामी केले, त्यांचे खाणे कमी प्राणवायूत बंद पडले. ज्यांचे शाबूत होते त्या खात राहिल्या.

त्याच्या बऱ्याच आधी, १९०८ आणि १९०९ मध्ये, बर्लिनचे कोल्कविट्झ आणि मार्सन ह्यांनी नद्यांतल्या वनस्पतींच्या आणि प्राण्यांच्या याद्या केल्या होत्या: घाण पाण्यात कोण, निवळत्या पाण्यात कोण, स्वच्छ पाण्यात कोण. नळाच्या पाण्याची परीक्षा रसायनाने होते, पण ती त्या क्षणापुरती. पहाटे गटार सोडले आणि दुपारी नमुना घेतला, तर घाण वाहून गेलेली असते. अळी मात्र गाळातच बसलेली असते. आठवड्यामागे काय घडले ते तिच्या अंगावर लिहिलेले असते. म्हणजे, मंडळी, अळी ही गुन्हेगार नव्हे, साक्षीदार आहे.

साक्षीदाराचीही उलटतपासणी करावी लागते, हे विसरू नका. टॅनिटार्सस गटातल्या काही अळ्याही तांबूस असतात; तेव्हा नुसत्या रंगावर निकाल देऊ नये, मिशा आणि दात पाहावे. मद्यार्कात ठेवलेल्या अळीचा रंग तर उडूनच जातो. दुसरे असे, की आयफेलचा नियम जसाच्या तसा आपल्याकडे लागू करता येत नाही. १९२८-२९ मध्ये टीनेमान स्वतः जावा, सुमात्रा आणि बाली ह्या बेटांवर गेले. उष्ण प्रदेशात पाणी ऊन असते, त्यात मुळातच प्राणवायू कमी विरघळतो आणि कुजणे झपाट्याने होते. त्यामुळे स्वच्छ तळ्याचाही तळ गुदमरू शकतो. युरोप आणि अमेरिकेच्या थंड प्रदेशातसुद्धा दोन प्रकारांवर भागले नाही. १९७९ साली सेथर ह्या नॉर्वेतल्या संशोधकाने तळ्यांतल्या चिलटांचे पंधरा निरनिराळे समुदाय सांगितले. म्हणून एका अळीवर निकाल नको. एकाच तळ्यातल्या दोन जागांची तुलना करावी, हे उत्तम.

आमच्या प्राध्यापकांनी तेच केले. दुसरी परात मागवली. एकीत गावाकडचा, जेथे गटार तलावाला मिळत होते तेथला गाळ. दुसरीत पलीकडचा, जेथे पावसाळ्यात ओढा येतो तेथला. पहिल्या परातीत लाल अळ्या आणि ट्यूबिफेक्स, बस्स. दुसरीत लाल अळ्या चार-दोनच. पण त्यांच्या बरोबर हिरवट, पिवळसर अशा निराळ्या जातींच्या चिलट-अळ्या, चतुराचे बाळ, तीन शेपट्यांची एकदिवसी माशीची बाळे, गोगलगायी. जणू एका परातीत ओसाड वाडी आणि दुसरीत भरलेला बाजार. कोणाला काही सांगावे लागले नाही. ती कालची म्हातारीच बोलली, "म्हंजी आपल्या मोरीचं पाणी खातंय व्हय तळ्याला!"

दोन डबे औषध तलावात गेले नाही. गेले असते तर काय झाले असते? लाल अळ्या काही मेल्या असत्या. पण त्यांच्या आधी मासे मेले असते, चतुराची बाळे मेली असती. हेच मासे आणि हीच बाळे डासाच्या अळ्या खातात. गुरांच्या पोटात विष गेले असते. आणि गटार तसेच वाहत राहिले असते. साक्षीदाराला मारून गुन्हा मिटत नाही.

ही अळी किती जुनी साक्ष देते, तेही ऐका. तिच्या डोक्याचे कवच कायटिनचे असते. ते गाळात हजारो वर्षे कुजत नाही. अळी वाढताना चार अवस्थांतून जाते आणि प्रत्येक वेळी कवच टाकते. तळ्याचा गाळ थरावर थर साचत जातो आणि प्रत्येक थरात त्या त्या काळची कवचे राहतात. दात मोजले, जात कळली. जात कळली, की त्या काळी पाणी थंड होते की ऊन, हे कळले. १९९१ साली कॅनडात स्प्लॅन नावाच्या तळ्याच्या गाळातल्या कवचांवरून वॉकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले, की हिमयुग संपता संपता, आजपासून सुमारे बारा हजार वर्षांमागे, तेथे पुन्हा एकदा एकाएकी थंडी पडली होती. मी शिलालेख आणि ताम्रपट वाचायला शिकवतो. पण असा दफ्तरखाना मी पाहिला नव्हता.

दातांची आणखी एक साक्ष आहे. १९७१ साली कॅनडातल्याच काही तळ्यांत हॅमिल्टन आणि सेथर ह्यांना ज्यांचे दात वेडेवाकडे, तुटके, कमीजास्त झाले आहेत अशा अळ्या मिळाल्या. गाळात कारखान्यांची आणि शेतीची विषारी द्रव्ये साचली, की अळीची घडण बिघडते, असा संशय त्यातून आला, आणि तेव्हापासून पुष्कळ देशांत अशा वाकड्या दातांची नोंद ठेवली जाते. पाणी पिणाऱ्या माणसाच्या दुखण्याआधी गाळातल्या अळीचे दात बोलतात.

चिलटे अगदीच निरुपद्रवी, असेही मी म्हणत नाही. सुदानमध्ये नाईल नदीकाठी त्यांचे थवेच्या थवे निघतात आणि त्यांच्या धुळीने लोकांना दमा होतो, ही नोंद आहे. पण तेथेही आधी कोणती जात, हे ठरवावेच लागते.

गुरुजी, तुमच्या शाळेजवळ ओढा, बंधारा किंवा पाझर तलाव असेलच. एक पांढरी परात, एक चाळणी, एक भिंग, एवढे साहित्य पुरे. वर्षातून दोनदा, पावसाळ्यानंतर आणि उन्हाळ्याच्या तोंडी, त्याच दोन जागांचा गाळ मुलांकडून पाहून घ्या. कोण सापडले, किती सापडले, हे एका वहीत तारखेसह लिहून ठेवा. मोठ्या मुलांना काठाशीच काम करू द्या आणि हात साबणाने धुवायला लावा. पाच वर्षांनी ती वही तुमच्या गावच्या पाण्याचा इतिहास होईल. मायगेन काय आणि किफर काय, दोघेही शिक्षकच होते.

शेवटी त्या गावाचे सांगतो. बैठक पुन्हा बसली आणि गटाराचे पाणी तलावात न सोडता शोषखड्ड्यांत मुरवायचे ठरले. हौदांवर झाकणे आली. पुढच्या उन्हाळ्यात मी मुद्दाम गेलो. अर्ध्या गल्लीचे गटार वळवले होते, अर्ध्या गल्लीचे राहिले होते. दोन घरांत खड्ड्याच्या जागेवरून भांडण होते. तलावाशी गेलो, तर शाळेतली तीन पोरे परात घेऊन बसलेली. मी विचारले, "काय रे, लाल अळ्या गेल्या का?"

एका पोराने परात माझ्यापुढे धरली आणि म्हणाला, "न्हाय सर, हायेत अजून. पण औंदा त्यांच्यात हिरवी पण गावली."